पाहुणे आले, हो!

१

मंगळवारी सकाळी आठ वाजता मार्लिस ऑस्बीनं डोंगरवाटेच्या तोंडाशी गाडी लावली, तेव्हा तिथं आधीच एक गाडी उभी होती. तिच्या भावाचा पिकअप. हिरवा, पुढचा एक दिवा फुटलेला. काचेवर चार दिवसांची धूळ होती आणि त्या धुळीत पाखराच्या पायांचे बारीक ठसे उमटले होते.

कर्टिस शुक्रवारी केटल लेकला मासे धरायला गेला होता. पाच मैलांची चढण. अवघड नाही, सोपीही नाही. शाळेतली पोरं सहलीला जातात तशी. रविवारी संध्याकाळी खाली उतरून तो बहिणीकडे जेवायला यायचा होता. तिनं बटाटे उकडून ठेवले. सोमवारी सकाळी ते बटाटे कुत्र्याला घातले आणि शेरीफच्या कचेरीत फोन लावला.

फोन ब्रायस नावाच्या डेप्युटीनं घेतला. सत्तावीस वर्षांचा पोरगा, आवाज मात्र साठीतल्या अधिकाऱ्याचा.

"मॅडम, मोठा माणूस आहे तो. मासे लागत असतील. एक दिवस उशीर म्हणजे काही बेपत्ता नव्हे."

"एकसष्ट वर्षांत तो जेवायला कधी उशिरा आलेला नाही."

"हेलिकॉप्टर वणव्यावर गेलंय. माणसंही तिकडंच. बुधवारी बघू."

"ब्रायस, पहिलीत असताना तू माझ्या बसमध्ये दोनदा ओकला होतास. पुसायला मी बुधवारपर्यंत थांबले होते का?"

पलीकडून पुन्हा तेच. बुधवारी बघू.

मार्लिसनं एकतीस वर्षं शाळेची बस चालवली होती. सरकारी माणसाचं 'बघू' तिला नवं नव्हतं. रस्त्यावरचा पूल खचत चाललाय म्हणून तिनं तीन हिवाळे अर्ज केले. तिन्ही वेळा बघू. चौथ्या वसंतात पूल वाहून गेला आणि त्याच कचेरीतले लोक दुसऱ्या दिवशी दुखवटा म्हणून टोप्या काढून नदीकाठी उभे राहिले. टोपी काढायला यांना वेळ असतो. दोन माणसं पाच मैल चालवायला नसतो.

म्हणून ती स्वतःच आली होती. बरोबर ऑर्विल स्टेनर होता, कर्टिसचा चाळीस वर्षांचा मासेमारीचा जोडीदार. दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झाल्यापासून त्याचा आवाज गेला होता. उरली होती ती नुसती कुजबुज.

चाकावरची किल्ली काढून मार्लिसनं पिकअपचं दार उघडलं. आतून लवंगांचा वास आला. तंबाखू सोडल्यापासून कर्टिस दिवसभर लवंगा चघळायचा. सीटवर कोरडे मोजे, डॅशबोर्डवर अर्धं खाल्लेलं बिस्किट. परत येणाऱ्या माणसाची गाडी.

वाटेच्या सुरुवातीला खांबावर लाकडी पेटी होती आणि पेटीत नोंदवही. जाताना नाव लिहायचं, किती जण, कुठं, कधी परत. परत आल्यावर शेवटच्या रकान्यात सही करायची. कर्टिसची ओळ तिथं होती, ठळक, पेन्सिल दाबून लिहिलेली. त्याच्यानंतर वर कोणी गेलं नव्हतं. शेवटचा रकाना कोरा होता.

मार्लिसनं त्याखाली लिहिलं: ऑस्बी, स्टेनर. दोघं. परत आज.

२

या डोंगरात मुकाट चालत नाहीत. वळणापलीकडं अस्वल असलं आणि दचकलं, तर अंगावर येतं. म्हणून वळण आलं की ओरडायचं. अस्वलाला माणूस नको असतो. आवाज ऐकून ते वाट सोडतं, झुडपात दबून बसतं, माणूस गेला की पुन्हा वाटेवर येतं. आणि त्यानं वाट सोडली की माणसानंही रीत पाळायची: तिकडं रोखून बघायचं नाही, थांबायचं नाही, नजर खाली ठेवून निघून जायचं.

बाकी सगळे 'ए अस्वला!' असं ओरडतात. ऑस्बींच्या घरात मात्र बापानं गमतीगमतीत वेगळी हाक लावून दिली होती. "पाहुणे आले, हो!" बाप जाऊन वीस वर्षं झाली. आता ती हाक जगात दोनच माणसं द्यायची, कर्टिस आणि मार्लिस.

त्या सकाळी हाका मारायचं काम तिच्याकडंच होतं. ऑर्विलनं पाठपिशवीला पत्र्याची ताटली टांगली होती. पावलागणिक ती बकलावर आपटायची. टण. टण. त्याच्याकडून तेवढंच.

"पाहुणे आले, हो!" मार्लिस ओरडायची आणि मग कान द्यायची. प्रत्येक वळणाला तिला वाटे, आता समोरून तीच हाक येईल आणि हाकेपाठोपाठ लंगडत तो येईल, पाय मुरगळलेला, शिव्या देत. फक्त पाय मुरगळलेला. त्याहून जास्त काही ती मनात येऊ देत नव्हती.

ओंडक्यांच्या पुलानंतर तिचा घसा दुखायला लागला.

"ऑर्विल, आता तू मार एखादी."

"मी मारली," तो कुजबुजला, "तर अस्वल जवळ येऊन विचारेल, काय म्हणालात, जरा मोठ्यानं बोला."

मार्लिसला हसू फुटलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच. हसताहसताच ती पुढच्या वळणाला ओरडली, "पाहुणे आले, हो!" आणि शेवटचं 'हो' हसण्यानं मधेच तुटलं, दोन तुकडे झाले त्याचे.

वळणापलीकडं काडी मोडली.

दोघं जागच्या जागी थांबली. पुलानंतरचं तिसरं वळण ते. वाटेच्या डाव्या हाताला वाळुंजाची दाट झुडपं, उजव्या हाताला आडवा पडलेला जुना पाइन. झुडपांत काहीतरी शिरलं होतं. एक पाऊल, मग दुसरं. मग काही नाही.

मार्लिसनं कमरेचा, अस्वलाच्या डोळ्यांत मारायचा तिखटाचा फवारा काढून हातात धरला.

"अस्वल," ऑर्विल म्हणाला. "हटलं वाटेतून. छान."

"पण पळालं नाही."

"म्हणजे?"

"अस्वल हटतं तेव्हा झुडपं मोडत लांब जातं. हे दोनच पावलं गेलं."

"आळशी असेल. आपल्या कर्टिससारखं. चल."

वाटेवर गवताचा एक पुंजका नुकताच दबला होता. ती बघत असतानाच त्यातली दोन पाती हळूच सरळ झाली. झुडपातून आवाज नव्हता. आणि तरी मार्लिसला वाटलं की आत कोणीतरी श्वास धरून बसलंय. बसच्या मागच्या सीटखाली लपलेलं पोर तिला आरशात न बघताही कळायचं, तसं.

पण अस्वलाला श्वास धरायचं काय कारण? तिनं स्वतःलाच झापलं. रीतीप्रमाणे नजर खाली घातली आणि ती झुडपांजवळून पुढं गेली. दहा हातांवरून.

३

तळ्याशी पोचायला दुपार झाली.

केटल लेक एका खोलगट जागेत आहे. तीन बाजूंना ढासळलेल्या राखाडी दगडांचे उतार, चौथ्या बाजूला पाइन आणि वाट. वारा पडला होता. पाणी इतकं स्थिर की उलटा डोंगर सुलट्यापेक्षा स्वच्छ दिसत होता.

कर्टिसचा तंबू नेहमीच्या जागी उभा होता. आत झोपायची पिशवी पसरलेली. खाण्याची थैली दूरच्या झाडावर उंच टांगलेली, अस्वलाच्या हाती लागू नये अशी, नीट गाठ मारून. काठावर त्याची गळाची काठी दगडाला टेकवलेली होती आणि दोर अजून पाण्यात होता. ऑर्विलनं तो ओढला. टोकाला एक ट्राउट निघाला, मेलेला, फुगून पांढरा पडलेला.

ऑर्विल त्या माशाकडं बराच वेळ बघत राहिला. "हा मनुष्य," तो म्हणाला, "गळ पाण्यात टाकून लघवीलासुद्धा जात नाही."

"तळ्यात पडला असेल?" मार्लिसनं विचारलं. तिचा आवाज तिलाच सरकारी वाटला.

"मग बूट इथं असते. बूट काढल्याशिवाय तो पाण्यात पाय घालत नाही. काठावर घसरल्याची खूणही नाही."

चूल थंड होती. तिच्याशेजारी चपट्या दगडावर पत्र्याचे दोन पेले होते. दोन्हींत कॉफी, वर धूळ आणि बुडालेली एक माशी. एक पेला कर्टिसचा, कान मोडलेला. तो अर्धा प्यालेला. दुसरा काठोकाठ भरलेला.

कर्टिस एकटा आला होता. वहीत एक लिहिलं होतं.

भरलेला पेला समोरच्या दगडांच्या उताराकडं तोंड करून बसणाऱ्यासाठी ठेवला होता. त्या उतारावर वाट नाही. कधीच नव्हती.

"कर्टिस!" मार्लिस ओरडली. नाव पाण्यावरून गेलं आणि दगडांत विरलं. मग तिनं दोन्ही हात तोंडाशी धरले. "पाहुणे आले, हो!"

जरा वेळ काहीच नाही.

मग तळ्यापलीकडून, वरून, दगडांतून:

"पाहुणे आले, हो!"

आणि पाठोपाठ बारीक खोकला. तंबाखू सोडून नऊ वर्षं झाली तरी न गेलेला, कर्टिसचा खोकला.

४

मार्लिस खाली बसली. ती रडत होती आणि रडतारडता भावाला शिव्या देत होती.

"गाढवा! चार दिवस! तिकडं दगडांत काय अंडी घालत होतास? ऑर्विल, कॉफी ठेव. उपाशी असेल तो. थांब, मीच ठेवते."

तिनं चुलीत काटक्या घातल्या, भांडं धुतलं, तळ्याचं पाणी भरलं. डोंगरात हाक आली की कॉफी ठेवायची. येणारा ओळखीचा असो नसो. तिच्या बापानं ठेवली असती, कर्टिसनं ठेवली असती. भरलेला पेला तिनं गवतावर ओतला, जपून वापरायचा तो मानेवरचा रुमाल काढला आणि पेला पुसून पुन्हा त्याच दगडावर ठेवला.

"पाहुणे आले, हो!" आता जरा जवळून. खोकला.

"येतोय," ती म्हणाली. "येतोय बघ."

ऑर्विल दुर्बिणीतून उतार बघत होता. उतार लख्ख उन्हात होता. झाड नाही, झुडूप नाही. अर्धा मैल नुसते दगड.

"दिसला?"

"नाही."

"दगडाआड असेल."

"मार्लिस, तो ओरडतोय कशाला?"

"म्हणजे काय? आपण आलोय म्हणून."

"मग तुझं नाव घेऊन ओरडेल. टोपी हलवेल. ही हाक वळणावरची आहे. उघड्यावर ही हाक कोण देतं?"

मार्लिसनं चुलीत आणखी एक काटकी सारली. माणूस चार दिवस हरवला तर डोकं फिरतं. ताप असेल. त्याला वाटत असेल, अजून वाटेवरच आहोत. कारणं भराभर सुचत होती आणि तिला ती सगळी हवी होती.

ऑर्विल तंबूत गेला आणि एक लहान वही घेऊन बाहेर आला. कर्टिसची माशांची वही. कुठला मासा, किती वीत, ठेवला की सोडला. त्यानं शेवटचं पान उघडून तिच्यासमोर धरलं. वाचून दाखवायला आवाज नव्हता त्याच्याकडं.

शनिवार. सकाळी तीन मासे. एक दीड वीत, ठेवला. दोन सोडले. वरच्या दगडांतून कोणी येतंय, 'ए अस्वला' ऐकू येतंय. तिकडं वाट नाही, चुकला असेल बिचारा. कॉफी टाकली.

त्याखाली, तिरपं:

अजून दिसत नाही. मी आपली हाक दिली म्हणजे त्याला दिशा कळेल. लगेच तीच हाक उलट आली. माझ्या आवाजात. माझ्या खोकल्यासकट.

पुढं काही नव्हतं. पेन्सिलचं टोक मोडल्याचा ठिपका होता.

"पाहुणे आले, हो!" तळ्याच्या पलीकडच्या काठावरून. खोकला.

या वेळी मार्लिसनं डोळे मिटून ऐकलं. एकतीस वर्षं तिनं चाळीस पोरांचा गलका पाठीमागं ठेवून गाडी हाकली होती. कुठलं पोर खोटं रडतंय, कुठलं खरं, हे तिला पाठीतून कळायचं. माणूस एकच वाक्य दोनदा सारखं बोलत नाही. श्वास कमीजास्त होतो, एखादं अक्षर गिळलं जातं. या तीन हाकांत काही कमीजास्त नव्हतं. खोकला दर वेळी त्याच जागी, तेवढाच, तसाच. तो शनिवारी एकदा खोकला होता. तोच खोकला हा.

पलीकडच्या काठाचं पाणी हललं. तिथं कोणी नव्हतं. उलट्या डोंगरावर सुरकुती पडली आणि ती सुरकुती काठाकाठानं त्यांच्याकडं यायला लागली.

"आपण अस्वलाला हाका का मारतो?" ऑर्विलनं विचारलं. तो तिच्या कानाशी बसला होता.

"ऑर्विल, नको."

"सांग ना. का मारतो?"

"वाट मोकळी करायला."

"मग ऊठ. वाट मोकळी कर."

"आणि तो खरंच माझा भाऊ असला तर?"

"असला तर येईल आपल्या मागून. त्याची गाडी खाली आहे." त्यानं तिच्या दंडाला धरून उठवलं. म्हाताऱ्याच्या हातात एवढा जोर असेल असं तिला वाटलं नव्हतं. "कर्टिसनं कॉफी टाकली, मार्लिस. त्याला वाट सोड म्हणून हाका आल्या आणि हा मूर्ख पेले मांडून बसला."

भांड्यातली कॉफी उतू जाऊन विस्तवावर चुरचुरली. ती तशीच सोडून दोघं निघाली.

५

उतरताना त्यांनी एकही हाक मारली नाही. ऑर्विलनं ताटली सोडून छातीशी धरली होती. बकलं वाजू नयेत म्हणून पट्टे ओढून घेतले होते. वळणांवर दोघं मुक्यानं वळत होती, आणि पहिल्यांदाच मार्लिसला कळलं की ओरडल्याशिवाय वळणापुढं जाणं म्हणजे काय असतं.

मागून काही येत नव्हतं. दोन मैल झाले. सकाळी चढताना तिनं फेकलेला सफरचंदाचा गाभा तिथंच होता. तिचं डोकं पुन्हा चालायला लागलं. प्रतिध्वनी. दगडांचा उतार, स्थिर पाणी, आवाज फिरतो. आणि वही? तापात लिहिली असेल. खाली पोचून ब्रायसची गचांडी धरायची. हेलिकॉप्टर आणायला लावायचं. कचेरीच्या पायरीवर झोपायचं, वर्तमानपत्रवाल्यांना बोलवायचं. कर्टिस या डोंगरात कुठंतरी जिवंत आहे आणि आपण पळून चाललोय. ती थांबली.

"मी परत जाते वर."

ऑर्विल वळला. काही बोलणार तेवढ्यात खालून, पुढच्या वळणापलीकडून, हाक आली.

"पाहुणे आले, हो!"

बाईचा आवाज. शेवटचं 'हो' हसण्यानं तुटलेलं. दोन तुकडे.

ऑर्विलनं मार्लिसच्या तोंडाकडं बघितलं. तिचं तोंड मिटलेलं होतं. दोन दिवसांत ती एकदाच हसली होती, इथंच, या वळणाला.

डावीकडं वाळुंज, उजवीकडं पडलेला पाइन. दोघांना एकाच झुडपात शिरायला जागा नव्हती आणि ठरवायला वेळ नव्हता. ऑर्विल पाइनच्या ओंडक्यामागं गेला. मार्लिस डावीकडं घुसली. फांद्या तिला अडवत नव्हत्या. कोणीतरी आधीच तिथून आत गेलेलं होतं. आत माणूस मावेल एवढं गवत चेपलेलं होतं. ती त्यावर पालथी पडली.

"पाहुणे आले, हो!" हसू. दोन तुकडे.

पानांच्या फटीतून तिला वाटेचा हातभर तुकडा दिसत होता. पावलांचा आवाज नव्हता. वाटेवरचं गवत खाली बसत गेलं, आधी तिकडचं, मग इकडचं, मग मधलं. वाटेच्या दोन्ही अंगांची झुडपं एकाच वेळी बाहेरच्या बाजूला वाकली. ऊन गेलं.

तिसऱ्यांदा हाक आली ती डोक्यावरून. उभ्या पाइनच्या दुसऱ्या फांदीच्या उंचीवरून, तिच्याच आवाजात, तिच्याच हसण्यासकट.

तिनं वर बघायला नको होतं. बघितलं. क्षणभरच. काय दिसलं ते पुढं तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. एवढंच, की वर जे होतं त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. ती तिथं आहे हे त्याला ठाऊक होतं. ठाऊक असून त्यानं तोंड पलीकडं फिरवलं, हळू, रीतीनं. वाट सोडलेल्याकडं बघायचं नसतं, तसं.

ते पुढं निघालं.

तेवढ्यात ओंडक्यामागं ऑर्विलच्या हातातून ताटली निसटली. टण.

एकदाच.

मग काहीतरी इतक्या चटकन हललं की वाळुंजाची पानं तिच्या पाठीवर गळून पडली. दचकलेलं अस्वल अंगावर येतं. ऑर्विलला हे कोणापेक्षाही चांगलं ठाऊक होतं. त्याला ओरडता आलं नाही. ओरडायला त्याच्याकडं काही नव्हतं. मार्लिसकडं आवाज होता, एकतीस वर्षं बसभर पुरलेला. तिनं तोंड गवतात खुपसलं आणि दात मातीत रुतवले.

बऱ्याच वेळानं चढावर, लांब, ऐकू आलं: टण. टण. टण. एका चालीत, चालणाऱ्याच्या चालीत, वर वर जाणारं.

वाटेवरचं गवत पुन्हा सरळ झालं नाही.

६

बुधवारी सकाळी उजाडलं तेव्हा ती तिथंच होती. अंग लाकूड झालं होतं. रात्रभरात दोनदा तिनं उठायचं ठरवलं आणि दोन्ही वेळा कुठूनतरी, कोणाच्यातरी आवाजात, हाक आली.

उजेड आल्यावर तिला तिच्या हनुवटीखाली, चेपलेल्या गवतात, काळे बारीक तुकडे दिसले. तिनं एक उचलून नाकाशी धरला.

लवंग. चघळून थुंकलेली. अशा सात-आठ. एक अजून अख्खी होती.

तिनं फटीतून बघितलं. वाट दहा हातांवर. काल सकाळी तिचे बूट इथूनच गेले असणार, एक, दोन, आणि मागं ऑर्विलचे. टण, टण. कर्टिसनं इथून ते बघितले असणार. तिचे निळ्या नाड्यांचे बूट, दर नाताळात तो ज्यांची चेष्टा करायचा. त्यानं तिची हाक ऐकली असणार, बापाची हाक, बहिणीच्या आवाजात, हसण्यासकट. आणि तीन दिवस स्वतःचाच आवाज डोंगरभर फिरताना ऐकलेल्या माणसानं जे करायचं तेच त्यानं केलं होतं. दोन पावलं बाजूला. श्वास धरून.

मध्ये दहा हात होते. तिनं नजर खाली घातली होती.

तो आता कुठं आहे, कुठल्या झुडपात, हे तिला कळायचा मार्ग एकच होता. हाक मारायची. तिनं तोंड उघडलं, आणि मिटलं. त्या हाकेला तो येणार नव्हता. जगात असा कुठलाच आवाज उरला नव्हता ज्याला तो आला असता.

उन्हं वाळुंजावर आली तेव्हा खालून हाका यायला लागल्या.

"ए अस्वला! ए अस्वला!" आणि मग: "मॅडम! मार्लिस मॅडम!"

ब्रायस. बुधवार म्हणाला होता, बुधवारी आला. तिच्या डोळ्यांना पाणी आलं. ती कोपरांवर उठली.

"मार्लिस मॅडम!"

ती थांबली. मॅडममधला 'म' मघासारखाच लांबला होता का? की ब्रायस नेहमीच असा बोलतो? फोनवर कसा बोलला होता? माणसंसुद्धा एकसारख्या हाका मारतात. थकलेला माणूस मारतो, कंटाळलेला मारतो. सरकारी माणूस तर मारतोच. हसू आलं असतं तिला.

"मार्लिस मॅडम! ऐकताय का? बसमधला ब्रायस मी!"

हे नवं होतं. हे तो आत्ता बोलला होता. कोणाकडून ऐकून नाही, स्वतः. की काल रात्री, या डोंगरात कुठंतरी आधीच बोलला होता? खालच्या नोंदवहीत तिच्या ओळीखाली त्याच्या नावाची ओळ कालच आली असली तर?

हाका वळणाजवळ आल्या. दोन माणसं, की तीन. बुटांचे आवाज होते. खरे बूट, खडी चिरडणारे. तिनं ते ऐकले, आणि त्या बुटांमागून, त्याच चालीत, ऐकलं: टण.

त्यांना ताटली वाटेवर सापडली असेल. कोणीतरी उचलून पाठपिशवीला लावली असेल. माणसं असं करतात.

टण.

मार्लिस हलली. वाटेकडं नाही. आत, झुडपात. एक पाऊल, मग दुसरं. पायाखाली काडी मोडली. तिनं अख्खी उरलेली लवंग तोंडात घातली आणि श्वास धरला.

वाटेवरचे बूट थांबले. फवाऱ्याच्या डब्याची कडी सुटल्याचा आवाज आला. चेपलेल्या गवतातली दोन पाती हळूच सरळ झाली.

"अस्वल," कोणीतरी म्हणालं. "हटलं वाटेतून. छान."

आणि नजर खाली घालून ती माणसं पुढं गेली.